हे तू कुणाला सांगतेयस?

(रिकामा मंच. मधोमध एकच माइक.)

ना नेपथ्य, ना वेशभूषा, ना हातात एखादी वस्तू. मार्क स्मिथ या कवीनं १९८६पासून शिकागोच्या ग्रीन मिल क्लबात पोएट्री स्लॅम, म्हणजे मंचावर कविता सादर करण्याची स्पर्धा, रुजवला. त्याचे रुळलेले नियम असेच आहेत: कविता स्वतःची, वेळ साधारण ३ मिनिटं, परीक्षक प्रेक्षकांतूनच निवडलेले.

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनय ४ प्रकारचा: आंगिक (देहाचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषा, नेपथ्य), सात्त्विक (आतल्या भावाचा). इथे आहार्य वजा झालं. उरलेल्या तिघांनीच सगळा भार पेलायचा.

(तालीम. एक तरुण कवयित्री तीच ओळ पुन्हा म्हणते.)

ओळी पाठ आहेत, उच्चार स्वच्छ आहेत, तरी कविता पोचत नाही. दिग्दर्शक आवाज वाढवायला सांगत नाही. तो विचारतो, ‘हे तू कुणाला सांगतेयस?’

रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की नटाला हेच शोधायला लावत: पात्र कुठल्या परिस्थितीत आहे, त्याला काय हवंय. कविता स्वतःची असली की हा शोध हमखास राहून जातो. दुःख आपलंच आहे, ते आवाजात आपोआप उतरेल, असं कवी धरून चालतो. ते उतरत नाही.

ती ठरवते: वडिलांना सांगतेय. दारात उभी राहून. त्यांनी थांबवावं म्हणून.

‘मी निघते.’ मघाशी ही घोषणा होती. आता ‘मी’पाशी श्वास अडतो आणि ‘निघते’ जवळजवळ प्रश्नासारखं येतं. शब्द तेच, अर्थ फिरला. आपल्या जुन्या शास्त्रात याला नेमका शब्द आहे: काकू, म्हणजे आवाजाच्या चढउतारानं अर्थ बदलणं.

भरतानं पाठ्याचे, म्हणजे शब्द म्हणण्याचे, ६ अलंकार सांगितले: उच्च (वरचा स्वर), दीप्त (त्याहून वरचा), मंद्र (खालचा), नीच (त्याहून खालचा), द्रुत (जलद), विलंबित (संथ). घड्याळ चालू असलं की बहुतेक जण पहिल्या ओळीपासून उच्च आणि द्रुत धरतात. मग कवितेला पुढे चढायला जागाच राहत नाही. मला स्वतःला मंद्रात सुरू होणारी कविता जास्त जवळची वाटते. ऐकणारा आपसूक पुढे झुकतो.

हातांना फार काम नको. ‘आभाळ’ म्हणताना बोट वर गेलं की शब्द दुबळा होतो.

आणि डोळ्यांतलं पाणी? अश्रू आणि स्वरभेद हे सात्त्विक भाव. ते मनाच्या एकाग्रतेतून येतात, म्हणून त्यांची तालीम करायची नसते. तालीम करायची ती समोरच्या माणसाला बघण्याची.

(प्रयोग. ती माइकपाशी येते. हातात कागद नाही.)

शेवटच्या रांगेमागे दार आहे. वडील तिथे उभे आहेत, असं तिनं ठरवलंय. ती तिकडे बघते.

‘मी…’