दुसऱ्या पलटीला कोण येणार?

नमस्कार मंडळी. माईक जरा लांबच राहू द्या, आयुष्यभर मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय, ती काही जात नाही आता. विषय मला दिलाय तो बराच भारदस्त आहे, शिक्षणासाठीचं शेत, समाजसेवा, संकटात टिकून राहणं वगैरे, पण मी जे रोज बघते तेवढंच सांगणार, आणि त्यातही खरं तर एकच गोष्ट सांगायची आहे. सेवा करायला पहिल्या दिवशी भरपूर लोक येतात. शेताला माणूस लागतो तो पंधराव्या दिवशी.

आता ही गोष्ट इंदूरमध्येच सांगायला मजा येते, कारण हा पंधरावा दिवस ज्या कंपोस्ट खतात येतो त्याचं शास्त्र आपल्याच गावात तयार झालंय. ॲग्रिकल्चर कॉलेजवरून आपण रोज जातो येतो, तिथे 1924 साली इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, होळकर दरबारानं जागा दिली, आणि अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ 1931 पर्यंत तिथे होता. त्याच्याबरोबर यशवंत वाड होते, आपलाच मराठी माणूस, पण हॉवर्डचं नाव जगभर झालं आणि वाडांचं नाव इंदूरच्या मराठी माणसालाही माहीत नाही, हे मला जरा लागतं, म्हणून मी प्रत्येक भाषणात ते मुद्दाम घेते. दोघांनी मिळून कंपोस्टची जी पद्धत बसवली तिला जगात आजही "इंदूर मेथड" म्हणतात. परदेशातले सेंद्रिय शेतीवाले भेटले की इंदूर म्हटल्यावर त्यांना हेच आठवतं, आणि आपल्याला आठवतात पोहे आणि सराफा. असो.

पद्धत थोडक्यात सांगते. 30 फूट बाय 14 फूट खड्डा, खोली दोन-तीन फूटच, कारण जास्त खोल गेलं तर खाली हवा पोचत नाही आणि सगळं नुसतं सडतं. त्यात शेतातला सगळा काडीकचरा, पाला, तण, तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या. पऱ्हाटी कडक असते, ती लवकर कुजत नाही, मग यांनी काय केलं तर ती सरळ रस्त्यावर पसरली, येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांनी ती चेचून दिली. मला हे फार आवडतं, मशीन नाही, खर्च नाही, रस्त्यावरच्या गाड्यांकडूनच काम करून घेतलं. मग तो माल रात्री गुरांखाली अंथरायचा, सकाळी गोळा करायचा, त्याच्यावर गोठ्यातली मूत मुरलेली माती, लाकडाची राख, शेणाचा काला, पाणी, असे थर. कर्ब आणि नत्राचं, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजनचं, प्रमाण साधारण 33 ला 1 धरायचं. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं म्हणून ढीग जमिनीवरच लावायचा.

आणि मग पलटी, म्हणजे खड्ड्यातला माल खालीवर करायचा. पहिली साधारण 15-16 दिवसांनी, दुसरी महिन्यानं, तिसरी दोन महिन्यांनी, आणि तीन महिन्यांत खत तयार. म्हणजे बघा, खड्डा भरणं हे एक-दोन दिवसांचं काम आहे, पण पलटी मारली नाही तर तो खड्डा खड्डाच राहतो, आपल्या आजोळी असायचा तसा उकिरडा, वर वाळलेला आणि आत आंबलेला.

आता आमच्या शेतावर काय होतं ते सांगते. आमचं शेत इंदूरजवळ सिमरोलकडे आहे, छोटंच आहे, आजूबाजूच्या गावातली मुलं-मुली शिकायला येतात आणि शहरातल्या कॉलेजांचे कॅम्प येतात. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, तुम्हाला माहीतच आहे, 1969 पासूनची योजना, दोन वर्षांत 240 तास सेवा आणि सात दिवसांचं शिबिर. योजना चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही, माझी स्वतःची निम्मी नोकरी त्यातच गेली. पण ते सात दिवस कॉलेजच्या सोयीनं ठरतात, परीक्षा झाल्या की, सुट्टी लागली की. शेताला त्या वेळी कुणाची गरज आहे का हे कोणी विचारत नाही. पोरं येतात, उत्साह तर विचारू नका, दोन दिवसांत खड्डा भरून मोकळी, बॅनर, फोटो, रात्री अंताक्षरी, आणि सातव्या दिवशी बस. आमच्याकडे एक म्हातारे आहेत, सगळे त्यांना बा म्हणतात, ते एकदा बस गेल्यावर फावडं टेकवून उभे राहिले आणि मला म्हणाले, "फोटू तो हुई ग्यो, अबे पलटेगा कुण?" म्हणजे फोटो तर झाला, आता पलटणार कोण? माळवी माणूस भांडत नाही, एवढंच बोलतो.

पलटेगा कोण, तर बा आणि गावातल्या तीन-चार बायका. म्हणजे सेवा शहरानं केली आणि काम गावावर वाढलं! ही तक्रार मी पोरांवर टाकत नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की दुसरी तारीख असते म्हणून. आता आम्ही उलटं करतो. कॅम्पला होकार देण्याआधी पलटीच्या तारखा देतो. पहिल्या दिवशी चाळीस नकोत, दहाच या, पण तेच दहा खड्डा भरायला आणि तिन्ही पलट्यांना, चारही वेळा या. बऱ्याच कॉलेजांनी नाही म्हटलं, सर्टिफिकेटमध्ये बसत नाही म्हणे. पण जी पोरं आली त्यांचं शिकणं बघण्यासारखं असतं. पहिल्या पलटीला लोखंडी पंजानं वरचा थर ओढला की आतून वाफ निघते, हात घालवत नाही इतकं गरम असतं, मुली ओरडून मागे सरतात. महिन्यानंतर तोच ढीग निम्मा बसलेला असतो, पांढरी बुरशी धरलेली असते, वास बदललेला असतो. तिसऱ्या वेळी त्यांना कळत नाही की पऱ्हाट्या गेल्या कुठे. हे वर्गात बोर्डवर मी तीस वर्षं शिकवलं असेल, एकालाही लक्षात राहिलेलं मला आठवत नाही.

परत येणाऱ्या माणसाची ताकद काय असते याचं मोठं उदाहरण पण इंदूरचंच आहे. बरली संस्था इथे 1985 पासून आहे, आदिवासी मुलींना शिकवायची. तिच्या संस्थापक-संचालक जनक पलटा मॅकगिलिगन यांचं नाव तुम्ही ऐकलंय, 2015 ला पद्मश्री मिळाली. त्या काळात झाबुआ जिल्ह्यात नारूचा रोग भयंकर होता, पायातून दोरीसारखा जंत निघायचा, माणूस ऐन पेरणीत महिना-महिना अंथरुणाला. उपाय काय होता तर पाणी फडक्यानं गाळून प्या आणि नारू झालेल्यानं विहिरीत पाय घालू नका. एवढंच! पण हे बाहेरून जीपमधून येऊन कोणी सांगितलं तर कोण ऐकतं? इथे शिकून गेलेल्या मुली आपापल्या गावात परतल्या, त्या रोज त्याच पाणवठ्यावर होत्या, त्यांनी पाणी गाळून घेतलं आणि घ्यायला लावलं. झाबुआच्या 302 गावांतल्या या कामासाठी संस्थेला 1992 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ग्लोबल 500 पुरस्कार मिळाला, आणि 2000 साली तर सगळा देशच नारूमुक्त जाहीर झाला. ऐकणाऱ्या बायकांना माहीत होतं की ही पोरगी उद्या पण इथेच असणार आहे. कस्तुरबाग्रामचा विचार पण मूळ हाच ना, कस्तुरबा 1944 ला गेल्या, त्यांच्या नावानं जो ट्रस्ट झाला त्यानं गावातल्याच बायकांना तयार करायचं ठरवलं, आणि आपल्या खंडवा रोडवर आजही तिथे शेती आहे, गाई आहेत.

आता संकटाचं. लोकांना वाटतं सेंद्रिय केलं की पीक वाचतं, असं काही नसतं हो. 2019 चा पाऊस आठवतो ना, थांबायचं नावच नाही, माळव्यात उभं सोयाबीन कुजलं, शेंगेतच मोड आले. आमचं पण गेलं. खत घातलेल्या वावरातलंही गेलं, मी खोटं सांगणार नाही. फरक पडला तो नंतर. काळी माती पाणी धरून बसते, चिकट होते, पाय टाकवत नाही, पण ज्या दोन वावरांत सलग काही वर्षं कंपोस्ट पडलं होतं ती आधी वाफशावर आली, म्हणजे पेरता येईल इतकी कोरडी झाली, तिथे हरभरा वेळेवर पेरता आला. बाकीच्या वावरांत आम्ही चिखलाकडे बघत बसलो. टिकणं म्हणतात ते आमच्याकडे एवढंच होतं, एक हंगाम गेला पण दुसरा हातात राहिला.

आणि त्याच पावसात आमच्या तळ्याचा बांध रात्रीत फुटायला आला. फोन मी कॉलेजवाल्यांना पण केला होता, पण रस्ते बंद, ते तरी कसे येणार. आले कोण, तर गावातले लोक, खताची रिकामी पोती घेऊन, मोबाईलच्या उजेडात माती भरली आणि रचली, बायका तगाऱ्या उचलत होत्या, बा वरून शिव्या देत होते की सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, आधी मोकळा करा, भिंत नंतर. म्हाताऱ्याचं बरोबर होतं, सांडव्यात झाडाचा ओंडका अडकला होता, तो काढल्यावर पाणी उतरलं. या सगळ्याला समाजसेवा असं कोणी म्हटलं नाही, बॅनर नव्हतं, सकाळी प्रत्येकाला आपलं घर गळतंय का ते बघायची घाई होती. पण ते का आले? आमच्या शेताच्या खताचा हिस्सा पलटीला येणाऱ्या घरांना जातो, तगारी मोजून, आणि मजुरी आठवड्याच्या आठवड्याला दिली जाते. हॉवर्डनं पण आपल्या मजुरांचा पगार वेळेवर आणि कामाचे तास ठरलेले ठेवले होते, हे त्याच्या कंपोस्टइतकंच महत्त्वाचं आहे, पण ते कोणी फारसं सांगत नाही. मजुरी थकवून वर सेवेचा बोर्ड लावणारी शेतं मी बघितली आहेत, नाव घेत नाही.

मागून कोणीतरी विचारलं की आता इंदूरमध्ये देवगुराडियाला कचऱ्यापासून गॅस करणारा एवढा मोठा बायो-सीएनजी प्लांट झालाय, 2022 ला सुरू झाला तेव्हाच रोज 550 टन ओला कचरा घ्यायची क्षमता होती, मग या खड्ड्यांची गरज काय. अहो, तो शहराचा कचरा आहे, त्याचा मला अभिमानच आहे, मी पण कचरा वेगळा करूनच देते. पण सिमरोलच्या पऱ्हाट्या काही त्या गाडीत जात नाहीत, त्या बांधावर पेटवल्या जातात, हिवाळ्यात धूर बघा कधी घाटात.

बरं, वेळ झालाय, अध्यक्ष घड्याळ बघतायत. दिवाळीनंतर खड्डा भरायचा आहे. ज्यांना यायचंय त्यांनी बाहेर टेबलावर वही ठेवलीय तिच्यात नाव, फोन आणि पलटीच्या तिन्ही तारखांसमोर टिक करा, एकच टिक असेल तर ते नाव मी धरणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. जुने बूट आणा. जेवणाला दाल-बाफले आहेत, पण ते काम झाल्यावर, कारण आधी खाल्ले की मग कोणी उठत नाही.