एअर सस्पेन्शन आणि ड्रायव्हिंग मोड: बटण दाबल्यावर गाडीत नक्की काय बदलतं?

नमस्कार मंडळी! आज आपल्यासमोर आहे मर्सिडीज एस-क्लास, डब्ल्यू 223 या पिढीची. आपल्या चाकणच्या प्लांटमध्ये जोडली जाते तीच. हिच्यात ड्रायव्हिंग मोड बदलता येतात आणि गाडीची उंचीही कमी-जास्त करता येते. या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. "स्पोर्टला टाकली की सस्पेन्शनमधली हवा कडक होते" असं तुम्हीही ऐकलं असेल. प्रत्यक्षात हवेचं काम वेगळं आहे आणि मोडचं वेगळं.

(कॅमेरा पुढच्या चाकाजवळ)

इथे आत बघा. कॉइल स्प्रिंगच्या जागी हा रबरी बेलो, म्हणजे हवेची पिशवी, आहे. गाडी दोन टनांच्या वर, माणसं बसली की एकेका चाकावर पाचशे-साडेपाचशे किलो वजन येतं. ते या बेलोत कोंडलेली हवा पेलते. टायरमध्ये आपण 35-36 पीएसआय हवा भरतो, त्याच्या कितीतरी जास्त दाब इथे असतो.

साध्या स्प्रिंगच्या गाडीत मागे तिघं बसले, डिकी भरली, की मागची बाजू बसते. हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातात आणि खड्ड्यात स्प्रिंगला दबायला जागा उरत नाही. इथे उंचीचे सेन्सर ही बसलेली बाजू लगेच ओळखतात, कॉम्प्रेसर हवा भरतो आणि गाडी मूळ उंचीवर येते. वजन वाढलं तसा दाब वाढला, आणि दाबाबरोबर हवेची ताकदही. म्हणून एकटे बसा किंवा पाच जण बसा, गाडी साधारण त्याच संथ लयीत वरखाली होते. माझ्या मते एअर सस्पेन्शनचा खरा पैसा इथे वसूल होतो.

अजून एक गुण. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने बंद करून दांडा दाबा. आधी सहज जातो, शेवटी मात्र हलत नाही. बेलोतली हवाही तशीच: छोट्या उंचवट्याला मऊ, मोठ्या आदळण्याला घट्ट.

मग स्पोर्टमध्ये गाडी कडक का वाटते? तो कडकपणा मुख्यतः शॉकॲब्सॉर्बरमधून, म्हणजे गाडीचं उसळणं शमवणाऱ्या तेलाच्या नळीतून येतो. त्यातल्या तेलाच्या वाटेवर इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह असतात. कम्फर्टमध्ये वाट मोकळी, स्पोर्टमध्ये अरुंद. त्याच वेळी ॲक्सिलरेटर तरतरीत होतो, गिअर उशिरा बदलतात, स्टीअरिंग जड होतं. म्हणजे मोड ही एकाच वेळी अनेक भागांना दिलेली ऑर्डर आहे. काही गाड्यांत हवेची स्प्रिंगसुद्धा खरोखर कडक करता येते. 2016 ची पोर्शे पॅनामेरा घ्या: तिच्या प्रत्येक बेलोत हवेचे तीन कप्पे होते. कप्पे बंद केले की कामाला हवा कमी उरते आणि स्प्रिंग घट्ट होते.

मागच्या सीटवर बसणाऱ्याला काय हवं, याचं सगळ्यात सुंदर उत्तर मायबाखमध्ये, म्हणजे एस-क्लासच्याच आणखी आलिशान आवृत्तीत आहे. तिथे मायबाख नावाचाच मोड आहे. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये निघते आणि गिअर कमीत कमी वेळा बदलतात, कारण मागे बसलेल्याला धक्का जसा रस्त्यामुळे बसतो तसाच गिअरमुळेही बसतो.

आता उंची. स्पोर्ट प्लसमध्ये ही गाडी दीडएक सेंटिमीटर खाली बसते. कम्फर्टमध्येही वेग वाढला की खाली येते, पण ते ताशी 120 किलोमीटरच्या पुढे. हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून ही सोय आहे आणि ती जर्मनीतल्या ऑटोबानला शोभते. आपल्याकडे समृद्धीवरची मर्यादाच 120 आहे, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर 100. आपल्याला जास्त गरज आहे ती गाडी वर उचलण्याची.

(फळ्यावर आकृती)

हे नीट बघा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या नियमातला गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो. या लाँग व्हीलबेस गाडीची पुढची आणि मागची चाकं 3.2 मीटर अंतरावर आहेत. गाडी बरोबर मधोमध आली की दोन्ही चाकं उतारावर, आणि पोटाखाली गतिरोधक साधारण साडेसात सेंटिमीटर वर आलेला. अशा गाड्यांचं पोट रस्त्यापासून बारा-तेरा सेंटिमीटर असतं, त्यामुळे ती सुखरूप जाते. पण गल्लीतला उरलेल्या डांबराचा, अरुंद आणि 15 सेंटिमीटर उंच ढिगारा घ्या. पुढची चाकं तो ओलांडून सपाट रस्त्यावर उतरलेली, मागची अजून मागे, म्हणजे पूर्ण 15 सेंटिमीटर पोटाखाली. इथे पोट घासणारच. गाडी साधारण तीन सेंटिमीटर उचलली की ती निघते. उचलायला काही सेकंद लागतात, म्हणून बटण आधी दाबा. आणि शहरात स्पोर्ट प्लस लावून फिरू नका, असलेली उंचीही जाते.

खड्ड्यांबद्दल स्पष्ट सांगतो. धारदार कडेच्या खड्ड्याला कुठलाच मोड पुरा पडत नाही. 20-21 इंची रिमवरच्या टायरची भिंत इतकी बुटकी असते की पहिला मार टायर आणि रिमला बसतो. निवडता येत असेल तर लहान रिम घ्या. घाटात मात्र मी शॉकॲब्सॉर्बर एक पायरी घट्ट ठेवतो. गाडी कमी कलते आणि मागच्यांना कमी मळमळतं.

जुनी गाडी घेताय? संध्याकाळी सपाट जागी लावा. टेपने चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी मोजा, सकाळी पुन्हा मोजा. चारही बाजू थोड्याशा सारख्या उतरल्या तर तो थंडीचा परिणाम असू शकतो. एकच कोपरा बसला असेल तर त्या बेलोवर किंवा पाइपच्या जोडावर साबणाचं पाणी मारा, गळती असेल तिथे बुडबुडे दिसतील. रबर जिथे दुमडतं तिथेच भेगा आधी पडतात. गळती तशीच ठेवली की कॉम्प्रेसर सतत चालत राहतो आणि शेवटी जळतो. मग बेलोबरोबर कॉम्प्रेसरचाही खर्च गळ्यात. पंक्चरवाल्याकडे जॅक लावण्याआधी मेन्यूत जॅक मोड असेल तर तो चालू करा, नाहीतर सिस्टिम वाकडी झालेली गाडी सरळ करायला हवा सोडू शकते.

तुमच्या गाडीचा कुठला कोपरा बसतोय ते मॉडेल आणि वर्षासह खाली लिहा. उंचीचे आकडे दिलेत तर मला नेमकं सांगता येईल.