भेटीचा वार

नमस्कार श्रोतेहो.

बावीस वर्षं मी एका निरीक्षण गृहात काळजीवाहक म्हणून नोकरी केली. निरीक्षण गृह म्हटलं की निम्म्या लोकांना कळत नाही. रिमांड होम म्हटलं की सगळ्यांना कळतं आणि बोलणाऱ्याचा आवाज खाली येतो. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी होईपर्यंत ठेवायची ती जागा. आता निवृत्त होऊन सांगलीत राहतो. पोरांना उठवणं, जेवायला बसवणं, भांडणं सोडवणं हे तर रोजचंच होतं. पण आज मला सांगायचंय ते एका वहीबद्दल. फाटकाजवळच्या टेबलावर भेटीची वही असायची. तारीख, येणाऱ्याचं नाव, मुलाचं नाव, नातं, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, सही किंवा अंगठा.

त्यातला नात्याचा रकाना वरून खाली वाचत गेलं तर असा लागायचा: आई, आई, आजी, मावशी, आई, थोरली बहीण, आई. 'वडील' हा शब्द बोट ठेवून शोधावा लागायचा. वडील पहिल्या सुनावणीला, मुलांच्या केसेस ऐकणाऱ्या बाल न्याय मंडळासमोर यायचे, मान खाली घालून उभे राहायचे, आणि मग महिनोन् महिने गायब.

म्हणून आजचं बोलणं बापांशी आहे. बायांनी ऐकलं तरी हरकत नाही, त्यांना यातलं बरंच पाठ आहे. कुठल्या मुलाचं नाव, गाव मी सांगणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नं त्याला बंदी आहे, आणि ती बंदी चांगली आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. सांगलीत तुरुंग म्हटलं की जुन्या माणसांना 24 जुलै 1943 आठवतो, वसंतदादा आणि साथीदारांनी फोडलेला तुरुंग. निरीक्षण गृह म्हणजे तसलं काही नव्हे. 2015 च्या बाल न्याय कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवताच येत नाही. पोलिसांनी आई-वडिलांना कळवायचं आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मुलाला बाल न्याय मंडळासमोर न्यायचं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली निदान एक बाई. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला जामिनावर सोडायचं हा नियम. सुटल्यावर मुलगा सराईत गुन्हेगारांच्या नादी लागेल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल, असं मंडळाला वाटलं तरच अडतं.

आता जरा विचार करा. घरी गेल्यावर पोराला सांभाळणारं कोण आहे, हे मंडळाला कसं कळणार? परिविक्षा अधिकारी, म्हणजे अशा मुलांची चौकशी आणि देखरेख करणारे साहेब, दोन आठवड्यांत सामाजिक तपासणीचा अहवाल देतात. घरी जातात, शाळेत विचारतात, शेजारीपाजारी बोलतात. बाप म्हणतो, "साहेब, पोराची लई काळजी वाटते." साहेब विचारतात, "किती वेळा भेटायला गेलात?" तिथं बरेच जण छताकडे बघतात. एका आईनं मात्र पिशवीतून एसटीची तिकिटं काढून टेबलावर मांडली होती. कुणी मागितली नव्हती.

खर्चाची अडचण मला माहीत आहे. जत तालुक्यातल्या उमदीकडून सांगलीला येऊन परत जायचं म्हणजे दिवस गेला. द्राक्षाची छाटणी सुरू असेल तर रोजगार बुडतो आणि मुकादमाला कारण काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच. पोराचा जिल्हा एक आणि गृह दुसऱ्या जिल्ह्यात असंही होतं, कारण काही जिल्ह्यांत मिळून एकच गृह असू शकतं. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याच्या आदल्या वर्षीच फुकट. त्यामुळं आज्या वाढल्या असतील, असा माझा अंदाज आहे. बापाला मात्र पूर्ण तिकीट आहे, हे मी मान्य करतो.

भेट ही कुणाची मेहरबानी नाही, पोराचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्कांच्या करारावर भारतानं 1992 मध्ये मान्यतेची मोहोर उठवली. कोंडून ठेवलेल्या मुलाला पत्रांनी आणि भेटींनी घराशी संबंध ठेवता आला पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. संयुक्त राष्ट्रांच्या 1990 च्या नियमांत तर शक्यतो आठवड्याला एक भेट, महिन्याला एक तरी हवीच, असं आहे. आपल्याकडं प्रत्येक गृहाचा वार आणि वेळ ठरलेली असते. पहिल्यांदा जाताना फोन करून विचारून घ्या आणि ओळखपत्र खिशात टाका. ऐंशी-नव्वद किलोमीटर येऊन फाटकातून परत फिरलेली माणसं मी पाहिली आहेत. परत पाठवणारा कधीकधी मीच असायचो, आणि त्या रात्री जेवण गोड लागायचं नाही.

खाऊचंही विचारूनच न्या. शिजवलेलं अन्न आत देताना कुरबुर होते, कारण कुणाचं पोट बिघडलं तर जबाबदार कोण? सांगलीच्या भडंगाचा बंद पुडा मात्र आमच्याकडं नेहमी चालून जायचा. एका पोराला आणलेला पुडा पाच मिनिटांत पंधरा जणांत संपायचा, म्हणून शहाण्या आया दोन आणायच्या.

आणि बोलायचं काय? खरी अडचण इथं आहे. समोर बसल्याबरोबर बहुतेक माणसं केसवर येतात. "का केलंस?", "कुणाच्या नादानं केलंस?", "माझं नाक कापलंस." पोरगं फरशी बघत बसतं. भेट संपते. केसचं बोलायला वकील आहे; नेमायची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. घरच्यांनी घरचं बोलावं. एक आजी यायची, आटपाडीकडची. ती नातवाला काही विचारायचीच नाही. शेळी व्याली, दोन पिलं झाली, एक काळं एक बांडं, काळ्याला अजून नाव ठेवलं नाही. एवढंच सांगून गेली. पुढचा सगळा आठवडा तो पोरगा नाव शोधत होता. मला विचारायचा, "काका, शेळीला राजा नाव चालतंय का ओ?"

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. एका पोराची आजी वारली. घरच्यांनी ठरवलं, आत आहे, त्याला कशाला सांगायचं, सोडणार थोडेच आहेत. तेरावा झाल्यावर सांगितलं. त्यानं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. मला वाईट याचं वाटलं की सोडता आलं असतं. बाल न्याय कायद्याचं कलम 98 त्यासाठीच आहे. घरात मृत्यू, आई-बापाचं मोठं आजारपण, जवळच्या नात्यातलं लग्न, परीक्षा, अशा वेळी मंडळ मुलाला देखरेखीखाली सुट्टी देऊ शकतं, एका वेळी साधारण सात दिवसांपर्यंत, प्रवास वेगळा. अर्ज मात्र कुणीतरी करावा लागतो. मंडळ हो म्हणेलच असं मी सांगत नाही. विचारलं तर पाहिजे.

जमत नसेल तर पत्र टाका. हल्ली कोण पत्र लिहितं म्हणाल, पण आत मोबाइल नसतो, तिथं पोस्टकार्डाला अजून किंमत आहे. अधीक्षक पत्र वाचू शकतात, तेवढं ध्यानात ठेवून लिहा. लिहिता येत नसेल तर शेजारच्या पोरीकडून लिहून घ्या. मी कितीतरी पत्रं पोरांना वाचून दाखवली आहेत, काही तर चार-चार वेळा.

आता एका बापाचं सांगतो आणि थांबतो. वाळवा तालुक्यातला, ऊसतोडीला जाणारा गडी. बायको आत यायची, हा समोरच्या चहाच्या गाड्यावर पाठ करून उभा. तीन खेपा असंच. चौथ्या खेपेला मी चहाला म्हणून गेलो आणि काही न बोलता त्यांच्या शेजारी उभा राहिलो. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "मी त्याला पोलिसांपुढं मारलंय. आता कुठल्या तोंडानं जाऊ?" मला उत्तर सुचलं नाही. मी म्हणालो, वहीत सही करावी लागेल, पेन आहे का. नव्हतं. माझं दिलं.

आत बाप-लेक समोरासमोर बसले. बोलले नाहीत. मग बापानं पोराचा हात ओढून घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "नखं किती वाढलीत रं." पोरगं रडायला लागलं. नेलकटर ऑफिसात असायचं, ते मी आणून दिलं. नियमात बसत होतं की नाही, देव जाणे. दोन्ही हातांची नखं कापून होईपर्यंत मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

पुढच्या भेटीच्या वारी बायकोला येता आलं नाही. ते एकटेच आले, वेळेच्या तासभर आधी. स्वतःचं पेन घेऊन.

नमस्कार.