गाय फॉक्स ते ‘यू गाइज’

नमस्कार मंडळी! इथे ब्रिटनमध्ये बाहेर फटाके वाजतायत ना, त्यातले निम्मे आपल्या दिवाळीचे असतील आणि निम्मे बॉनफायर नाइटचे, म्हणजे ५ नोव्हेंबरच्या शेकोटीच्या रात्रीचे, आणि ज्या माणसामुळे ती रात्र आली त्याचं नाव आपली मुलं दिवसभर घेत असतात, ‘कम ऑन गाइज’, ‘यू गाइज’, म्हणून आज त्या गाय (Guy) फॉक्सबद्दलच बोलते.

१६०५ साली इंग्लंडच्या राजा जेम्सला पार्लमेंटसकट उडवायचा कट झाला, आपल्या छळाला वैतागलेल्या कॅथलिक लोकांनी रचलेला. म्होरक्या होता रॉबर्ट केट्सबी, पण हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे पार्लमेंटच्या वरच्या सभागृहाच्या, खाली बंदुकीच्या दारूच्या ३६ पिंपांपाशी सापडला तो यॉर्कचा गाय फॉक्स, आणि पकडल्यावर त्याने नाव काय सांगितलं, तर जॉन जॉन्सन! त्याने लपवलेलं नाव आज जगभर झालंय, मला हे फार विलक्षण वाटतं.

पुढे राजा वाचला म्हणून दर ५ नोव्हेंबरला देवाचे आभार मानायचे असा कायदाच झाला, तो १८५९ पर्यंत होता. लोक फॉक्सचा पुतळा करून जाळायचे, गोव्यात नरकासुर जाळतात ना तसाच, आणि पोरं तो पुतळा, म्हणजेच ‘गाय’, घेऊन ‘पेनी फॉर द गाय’ म्हणत पैसे मागायची. पुतळ्याला जुने फाटके कपडे घालायचे, त्यामुळे एकोणिसाव्या शतकात इथे गबाळ्या, विचित्र कपडे घातलेल्या माणसालाच गाय म्हणायला लागले. अमेरिकेत गेल्यावर त्यातला हिणवण्याचा सूरही गेला, राहिला नुसता ‘माणूस’.

आणि मग अनेकवचन. इंग्रजीतला दाऊ, म्हणजे आपला तू, बोलण्यातून जवळपास गेला, एकाला पण यू आणि दहांना पण यू, मग दहा जणांना हाक कशी मारायची? अमेरिकेच्या दक्षिणेत यॉल (यू ऑल) झालं, बाकी बऱ्याच ठिकाणी यू गाइज, आणि त्यात हळूहळू बायकाही आल्या.

काहीजणींना ते आवडत नाही आणि मला त्यांचं म्हणणं पटतं, कारण ‘आय मेट अ गाय’ म्हटलं की अजूनही कुणाच्या डोळ्यासमोर बाई येत नाही. मी मैत्रिणींच्या ग्रुपला बिनधास्त गाइज म्हणते, पण ऑफिसमध्ये एखादी नको म्हणाली की तिथे एव्हरीवन म्हणते, त्यात माझं काहीच जात नाही.