जौहरदार पाती: पोलादाच्या आतली नक्षी

मंडळी, समोरच्या पडद्यावर जे पाते दिसते आहे त्यावर कोणी काही कोरलेले नाही, रंगवलेले नाही आणि जडवलेलेही नाही. काळसर राखी अंगावर मुठीपासून टोकापर्यंत ज्या नागमोडी, उजळ रेषा गेलेल्या आहेत, त्या पोलादाच्याच आहेत. या नक्षीला जाणकार जौहर म्हणतात आणि असे पाते जौहरदार मानले जाते. आज मला आपल्यापुढे एवढेच मांडायचे आहे की ही नक्षी पात्यावर काढलेली नसून पात्यात घडलेली आहे, आणि म्हणून ती त्या पोलादाच्या जन्माची व संस्काराची साक्ष आहे. ही साक्ष वाचायला शिकलो नाही, तर ती आपल्याच हातांनी पुसली जाते, आणि तसे घडताना मी पाहिले आहे.

सुरुवात पोलादापासून करायला हवी, कारण नक्षीचे अर्धे काम लोहार हातोडा उचलण्यापूर्वीच झालेले असते. हे पोलाद दक्षिण भारतात मुशीत वितळवून तयार होत असे. आजच्या तेलंगणात, आपल्या नांदेडच्या हद्दीला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात, कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. दख्खनमधील या उद्योगाचे ते एक मोठे केंद्र होते. महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर फिरणारे शल्यवैद्य आणि भूवैज्ञानिक हेन्री व्हॉयसी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात तेथील भट्टी प्रत्यक्ष पाहिली आणि तिचे वर्णन लिहून ठेवले. (याच सर्वेक्षणाचे प्रमुख विल्यम लँबटन यांची कबर आपल्या हिंगणघाटला आहे.) व्हॉयसी यांना तेथे इस्फहानहून पोलाद खरेदीसाठी आलेला व्यापारीही भेटला. पोलादाच्या वड्या इराणपर्यंत जात, तेथे त्यांची पाती होत, आणि त्यांतली काही पुन्हा भारतातल्या दरबारांत येत. गोवळकोंड्याच्या पोलादाची ही ख्याती सतराव्या शतकातच फ्रेंच प्रवासी तावेर्निए याने नोंदवली होती.

मुशीत काय घालत, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. मूस मातीची असे आणि त्या मातीत भाताचे तूस मळलेले असे. तूस जळून मागे राहणारा कार्बन आणि सिलिका यांमुळे ती दीर्घकाळ प्रखर आच सोसू शके. आत शुद्धप्राय लोखंडाचे तुकडे, आणि त्यांच्याबरोबर सुकी लाकडे व हिरवी पाने. दक्षिणेतल्या जुन्या नोंदींत तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने यांचा स्पष्ट उल्लेख येतो. तोंड मातीने बंद करून मूस तासन्‌तास तापवली की लोखंड त्या लाकूडपाल्यातला कार्बन शोषून घेते, कार्बन वाढला की ते कमी तापमानाला वितळते, आणि अखेरीस मुशीच्या तळाशी साधारण 1.5 टक्के कार्बन असलेली पोलादाची वडी तयार होते. नंतर ही वडी अतिशय सावकाश निवू देत. या सावकाश निवण्यातच पुढच्या नक्षीचे बीज असते. पोलाद गोठताना त्याचे स्फटिक झाडाच्या फांद्यांसारखे वाढतात आणि काही मूलद्रव्ये त्या फांद्यांच्या मधल्या फटींत ढकलली जातात.

1794 मध्ये मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले, आणि पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावरचा आपला निबंध सोसायटीपुढे वाचला. त्यानंतरची पन्नास वर्षे युरोपातले अव्वल दर्जाचे शास्त्रज्ञ या वडीच्या मागे होते. लोहाराच्या घरात जन्मलेल्या मायकेल फॅरडे यांनी शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणारे कारागीर जेम्स स्टोडार्ट यांच्याबरोबर तिच्यावर प्रयोग केले. पॅरिसच्या टाकसाळीतील ब्रेआँ यांनी 1823 मध्ये नक्षीचे मूळ कार्बनमध्ये असल्याचे दाखवले. रशियात उरल पर्वतातील झ्लातऊस्त येथे पावेल अनोसोव यांनी 1841 मध्ये आपल्या दीर्घ प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. युरोपच्या लोहारांना मात्र ही वडी सहजासहजी वश झाली नाही. स्वतःकडचे कमी कार्बनचे लोखंड ते पांढऱ्या झळाळीपर्यंत तापवून ठोकत. तसे केले की ही वडी हातोड्याखाली अक्षरशः भुगा होऊन पडे. इतक्या कार्बनचे पोलाद नारिंगी रंगाच्या वर नेता येत नाही आणि लाल रंग विझत आला की ठोकताही येत नाही. या अरुंद पट्ट्यात, हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा तापवून काम करावे लागते. या धीराला मी कलेतला गाभा मानतो.

नक्षी नेमकी कशी उठते, याचे समाधानकारक उत्तर विसाव्या शतकाच्या अखेरीस मिळाले. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होव्हेन आणि फ्लोरिडातील लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी बरीच वर्षे एकत्र काम करून जुन्या पात्यांशी तंतोतंत जुळणारी पाती घडवली. 1998 च्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा होता की खरी किल्ली अत्यल्प अशुद्धींमध्ये आहे, त्यांतही व्हॅनेडियममध्ये, आणि त्याचे 0.02 टक्क्यांहून कमी प्रमाणही पुरेसे ठरते. मघाशी म्हटलेल्या फटींत हे व्हॅनेडियम साचते. वडी ठोकून लांबवली की त्या फटी चपट्या होऊन पात्याच्या लांबीला समांतर अशा थरांत बसतात. नंतर प्रत्येक वेळी पाते तापवले की लोह आणि कार्बन यांचे अतिशय कठीण संयुग, म्हणजे सिमेंटाइट, याचे बारीक कण विरघळू लागतात, पण व्हॅनेडियमच्या शेजारचे कण तग धरतात. निवताना कार्बन त्याच तगलेल्या कणांवर येऊन बसतो. अशी आवर्तने होत गेली की सगळे कण हळूहळू त्या थरांत गोळा होतात आणि मधला भाग मोकळा पडतो. उजळ रेषा म्हणजे या कणांची दाटी, आणि काळसर भाग म्हणजे मधले पोलाद. याच संशोधकांनी पुढे असेही सुचवले की विशिष्ट खाणींतले खनिज संपले तेव्हा लोहारांचे हात तेच राहिले आणि तरी नक्षी उठेनाशी झाली. कलालोपाच्या कारणांत व्यापाराची उलथापालथ आणि वसाहतकालीन धोरणे यांचाही वाटा असणार, असे माझे मत आहे. पण खनिजाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे कारागिरांना विनाकारण लागलेला विस्मरणाचा दोष हलका होतो.

आता पडद्यावरचे दुसरे पाते पाहा. येथे नागमोडी रेषांना ठरावीक अंतरावर आडव्या पायऱ्यांनी छेदले आहे. इराणी परंपरेत या नक्षीला चाळीस पायऱ्यांची शिडी म्हणतात, आणि ती मात्र लोहाराने जाणूनबुजून रचलेली असते. पाते अंतिम जाडीहून थोडे जाड असतानाच लोहार कानशीने त्यावर आडव्या, उथळ खाचा पाडतो. खाच पडली की आतले थर तिरके कापले जाऊन उघडे होतात. मग पाते पुन्हा तापवून खाचांचा तळ वर येईपर्यंत ठोकून सपाट केले की खोलवरचे थर पृष्ठभागावर येतात आणि जेथे खाच होती तेथे पायरी उमटते. लाकडाच्या फळीला रंधा थोडा खोल लागला की गाठीभोवतीची वळणे बदलतात, तसाच हा प्रकार आहे. खाचांऐवजी छोटे उथळ खळगे पाडले तर पायऱ्यांच्या जागी गुलाबाच्या पाकळ्यांसारखी वर्तुळे उमलतात. खाच जरा खोल गेली तर पाते तेथे पातळ पडते, आणि उथळ राहिली तर पायरी शेवटच्या घासणीत निघून जाते. पायऱ्यांची अंतरे सारखी असलेले जुने पाते हाती आले की मी आधी त्या अंतरांकडेच पाहतो.

एवढे होऊनही पाते डोळ्यांना कोरेच दिसते. नक्षी उघडी करण्याचे काम शिकलगाराचे. आपल्याकडे सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत हे आडनाव आजही घरोघर ऐकू येते, पण त्यामागच्या व्यवसायाला नक्षीच्या इतिहासात फारशी जागा मिळालेली नाही, याची मला खंत वाटते. शिकलगार पाते भरड दगडापासून सुरुवात करून एकाहून एक मऊ दगडांवर घासत नेतो, कारण आधीच्या दगडाचा एकही ओरखडा राहिला तर नंतर लावायचा हिराकस (लोहाचे सल्फेट) तेथेच जास्त चावतो. मग राखेने घासून तेलाचा अंश पूर्ण काढतो, कारण बोटाचा ठसा राहिला तरी तेथे डाग पडतो. त्यानंतर हिराकशीचे पाणी कापसाच्या बोळ्याने सारखे फिरवत राहतो. मधले पोलाद त्याने काळवंडते, कठीण कण तसेच उजळ राहतात, आणि हळूहळू रेषा वर येतात. हवा तेवढा गडदपणा येताच पाते धुऊन, कोरडे करून तेलाने पुसतात. थांबण्याचा क्षण डोळ्यालाच कळतो.

या नक्षीशी गल्लत होणारे दोन प्रकार आहेत. एक, वेगवेगळ्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक ठेवून, भट्टीत जोडून, घड्या घालून किंवा पिळून घडवलेली पाती. ही पद्धतही जुनी आहे, युरोपातल्या अनेक प्राचीन तलवारी अशाच आहेत आणि आजच्या बहुतेक नक्षीदार पोलादी सुऱ्या याच पद्धतीच्या आहेत. त्यांतल्या निकेलयुक्त पोलादाचे थर उजळ राहतात. हे थर सहसा रुंद, स्पष्ट व सलग असतात, तर जौहरातल्या रेषा भिंगाखाली पाहिल्या की ठिपक्यांच्या ओळी दिसतात. यात कमीपणा काहीच नाही, फक्त ही वेगळी कला आहे. दुसरा प्रकार केवळ वरून छापलेल्या किंवा लेझरने भाजलेल्या नक्षीचा, ज्यात आत काहीच नसते. त्याला जौहर म्हणून विकणे हा ग्राहकाचा विश्वासघात आहे. सोन्याची तार पोलादावर ठोकून बसवण्याची कोफ्तगरी ही तर पृष्ठभागावरचीच कला असून तिला स्वतंत्र व्याख्यान हवे.

शेवटी, घरोघरच्या तलवारींविषयी. मराठा घराण्यांतल्या अनेक फिरंगी तलवारींची पाती युरोपातून आलेली असतात, त्यांत जौहर नसतो आणि नसणे हा त्यांचा दोषही नाही. पण काही घरांत जौहरदार पाती निश्चितच आहेत, आणि खंडेनवमीला शस्त्रपूजेपूर्वी त्यांना काचकागद लावून चकाकी आणली जाते. माझ्या ओळखीच्या एका घरात पिढ्यान्‌पिढ्यांचे पाते असेच बफिंगच्या चाकावर नेऊन आरशासारखे केले गेले. नक्षी आत होती, म्हणून पुढे एका जाणत्या हाताने ती पुन्हा वर आणली, पण पात्याची जाडी मात्र कायमची कमी झाली. म्हणून आपल्या घरचे पाते आधी खिडकीजवळ तिरक्या उजेडात धरून भिंगाने नीट पाहावे, ठिपक्यांच्या ओळी दिसल्या तर काचकागद, लिंबू आणि आम्ल दूर ठेवावे, आणि पूजेपूर्वी मऊ कापडाने धूळ टिपून, गंज असेल तेथे हात न लावता, बाकीच्या अंगाला खनिज तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा.