रिपोर्ट नॉर्मल, पण बोटं सुजलेली

पत्रिकेवर छापलेल्या विषयाकडे, म्हणजे आमवातात सांध्याच्या आत पेशी काय करतात याकडे, मी येणारच आहे. पण समोर इतकी माणसं ऐकायला बसली आहेत, तर आधी एक तक्रार मांडतो, त्याशिवाय मला चैन पडायची नाही. तक्रार आहे ती 'रिपोर्ट नॉर्मल आहे' असं सांगून आमवाताच्या (रूमेटॉइड आर्थरायटिसच्या) रुग्णाला घरी पाठवण्याबद्दल.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, पन्नाशीच्या आतल्या. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळायची नाही, बटण लागायचं नाही. आधी जिथे दाखवलं होतं, तिथे ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या पाहून त्यांना सांगण्यात आलं, काही नाही, वयाचा परिणाम आहे. बाई मुकाट्यानं घरी गेल्या आणि कित्येक महिने वेदनाशामक गोळ्यांवर काढले. मी त्यांना मूठ वळायला सांगितलं. बोटांच्या मुळाशी हाडांचे उंचवटे दिसतात ना, त्यांच्यामधल्या खळग्या सुजेनं भरून गेल्या होत्या. पंजा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला, तर त्यांनी हात झटकन ओढून घेतला. सोनोग्राफीत सांध्याचं अस्तर जाड झालेलं, डॉपलरवर तिथला रक्तप्रवाह वाढलेला, आणि आमवाताकडे बोट दाखवणारी अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी चांगलीच पॉझिटिव्ह. (आत्ता निम्म्या सभागृहानं मूठ वळून पाहिली! पाहा, अवश्य पाहा.)

आता सीआरपी म्हणजे काय, ते पाहू. 1930 साली टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते सापडलं. ते यकृतात तयार होतं आणि ते बनवायचा मुख्य हुकूम असतो इंटरल्यूकिन-6 या संकेतरेणूचा. म्हणजे भांडण सांध्यात, आणि आपण विचारपूस करतो यकृताकडे. सूज थोड्या लहान सांध्यांपुरती असेल, तर यकृतापर्यंत फारसं काही पोचतच नाही. बऱ्याच रुग्णांत सुरुवातीला ईएसआर आणि सीआरपी नॉर्मल असतात ते यामुळे. हे इंटरल्यूकिन-6 पहाटे वाढतं, म्हणून सांधे सकाळी आखडतात. आणि रुग्ण आपल्यासमोर येतो अकरा वाजता, हात जरा मोकळे झाल्यावर!

उलटी बाजूही आहे. टोसिलिझुमॅब हे आमवातावरचं औषध इंटरल्यूकिन-6 चा ग्राहीच, म्हणजे पेशीवर हा संकेत झेलणारा रेणूच, अडवतं. त्यामुळे सीआरपी झपाट्यानं उतरतं, मग सांधा शांत झालेला असो वा नसो. आजाराची तीव्रता मोजणाऱ्या डीएएस-28 या गुणांकात 28 सांधे तपासतात, पण त्यात ईएसआर किंवा सीआरपी मिळवलेलं असतं, म्हणून या औषधावर तो गुणांकही वाजवीपेक्षा चांगला दिसतो. एवढंच नव्हे, जंतुसंसर्ग झाला तरी सीआरपी वाढेलच याची खात्री राहत नाही. हे रुग्णांनाही माहीत असायला हवं.

आमवातासाठी रक्तात तपासतात त्या आरए फॅक्टर या प्रतिपिंडावर मला पुष्कळ बोलायचं होतं. 1940 मध्ये वालर यांनी त्याचं वर्णन केलं, आणि आज हेपटायटिस-सी असलेल्यांत, इतकंच काय, धडधाकट वृद्धांतही तो पॉझिटिव्ह येतो... पण अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. तर मूळ विषय भरभर सांगतो.

निरोगी सांध्याचं अस्तर जेमतेम दोन-तीन पेशींच्या थराचं असतं. आमवातात तिथे मॅक्रोफेज, टी पेशी, बी पेशी या रोगप्रतिकारक पेशी दाटी करतात. मॅक्रोफेज टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-6 हे सूज वाढवणारे संकेत सोडतात, त्यानं फायब्रोब्लास्ट या अस्तराच्याच पेशी चेकाळतात, आणि रँक-लिगँड नावाच्या संकेतामुळे हाड खाणाऱ्या पेशी तयार होतात. हाड झिजतं ते असं. म्हणून माझं म्हणणं आहे की तीव्रता मोजायची तर या संकेतांजवळ जाऊन मोजा. अस्तराखालच्या थरातले मॅक्रोफेज उपचार लागू पडला की कमी होतात, हे बायॉप्सीत, म्हणजे अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासल्यावर, दिसतं. न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशींतून सुटणारं कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन सोनोग्राफीतल्या सुजेशी जुळतं. टी पेशींच्या आत इंटरल्यूकिन-6 चा संकेत पुढे नेणारं स्टॅट-3 हे प्रथिन किती सक्रिय आहे, हेही आता रक्तातून मोजता येतं.

आणि दोन रुग्णांचे सांधे सारखेच सुजले असले, तरी आतल्या पेशी वेगळ्या असू शकतात. कुणाच्या अस्तरात बी पेशींची गर्दी, कुणाकडे मॅक्रोफेजांची, तर कुणाकडे जवळपास नुसते फायब्रोब्लास्ट. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर-फोर-आरए चाचणीत टीएनएफरोधक औषधांना दाद न देणाऱ्यांची बायॉप्सी केली होती. आरएनए तपासून ज्यांच्या अस्तरात बी पेशी कमी ठरल्या, त्यांना बी पेशी नष्ट करणाऱ्या रिटुक्सिमॅबपेक्षा टोसिलिझुमॅब जास्त लागू पडलं. नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून केलेल्या विभागणीत मात्र मुख्य निकषावर तेवढा स्पष्ट फरक दिसला नाही.

बायॉप्सी उद्यापासून सरसकट करा, असं मी म्हणत नाही. पण सुजलेला सांधा आणि नॉर्मल रिपोर्ट समोरासमोर आले, तर डॉक्टरांनी सांध्यावर विश्वास ठेवावा आणि निदान सोनोग्राफी तरी करावी, उपचार लवकर सुरू व्हावेत. बायॉप्सीची भीती वाटत असेल तर प्रश्नोत्तरांत जरूर विचारा. सोनोग्राफीवर पाहत, तेवढाच भाग बधिर करून सुईनं ती करता येते.