लाइमलाइटमधलं लाइम म्हणजे लिंबू नाही, चुना

"ती सध्या लाइमलाइटमध्ये आहे", "त्याला लाइमलाइट नको असतो"... पेपरात, रीलमध्ये, कट्ट्यावर हा शब्द आपण सर्रास वापरतो, आणि त्यातलं लाइम म्हणजे लिंबू असं बऱ्याच जणांना वाटतं, फ्रेश लाइम सोड्याची कृपा असेल. तर ते लिंबू नाहीये. चुना आहे. तोही पानाला लावतात तो विझवलेला नाही, त्याच्या आधीचा, कळीचा चुना, ज्याच्यावर पाणी पडलं की फसफसून वाफा निघतात तो.

आता हा चुना उजेड कसा देतो ते बघा. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र जाळले की ज्योत प्रचंड तापते, पण गंमत म्हणजे ती ज्योत स्वतः जेमतेम दिसते. तीच ज्योत कळीच्या चुन्याच्या तुकड्यावर धरली तर तो वितळत नाही, कारण वितळायला त्याला 2500 अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं, मग तो नुसता तापत जातो आणि पांढराशुभ्र, डोळे दिपवणारा उजेड फेकायला लागतो. 1820 च्या दशकात इंग्लंडमध्ये गोल्ड्सवर्दी गर्नी नावाचा माणूस, पेशाने सर्जन पण हात सगळीकडे, या ज्योतीचे प्रयोग करत होता.

पण हा उजेड लॅबच्या बाहेर आला तो नाटकासाठी नाही, नकाशासाठी.

थॉमस ड्रमंड. जन्म 1797, एडिनबरा, ब्रिटिश लष्करातला इंजिनिअर. आयर्लंडमध्ये जमिनीवरच्या करासाठी अख्ख्या देशाची मोजणी सुरू झाली होती, साहेब होता थॉमस कोल्बी आणि ड्रमंड त्याच्या हाताखाली. ही मोजणी म्हणजे डोंगरमाथ्यांचे त्रिकोण, एका माथ्यावर थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, लावायचा, दुसरा माथा बघायचा, कोन घ्यायचा. सगळं खरं, पण समोरचा माथा दिसायला तर पाहिजे, आणि आयर्लंडची हवा म्हणजे धुकं, पाऊस आणि परत धुकं. ड्रमंडने हा चुन्याचा उजेड लंडनमध्ये मायकेल फॅरडेच्या लेक्चरमध्ये पाहिला असं सांगतात, आणि त्याने त्याचा दिवा बनवला, मागे आरसा लावला आणि सामान डोंगरावर चढवलं.

1825 चा नोव्हेंबर. नकाशावर उजवीकडे बेलफास्टजवळचा डिव्हिस डोंगर, डावीकडे वर डॉनेगलमधला स्लीव्ह स्नाख्त, नावाचा अर्थच बर्फाचा डोंगर. मधे 100 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर. डिव्हिसवरची टीम बरेच दिवस समोरचा माथा दिसायची वाट बघत बसलेली, आणि त्या थंडीत ड्रमंडने पलीकडून दिवा पेटवला तर तो इकडे लख्ख दिसला. पुढे लोक याला ड्रमंड लाइटच म्हणायला लागले.

इथे जरा वाट वाकडी करतो. त्याच काळात हिंदुस्थानातही अशीच त्रिकोणांची प्रचंड मोजणी चालू होती, तिचा प्रमुख विल्यम लॅम्बटन 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, त्याच्या जागी आला जॉर्ज एव्हरेस्ट, हो, तोच शिखरवाला. तो आजारपणाच्या रजेवर मायदेशी गेला असताना 1829 मध्ये आयर्लंडला जाऊन कोल्बीचं हे काम बघून आला होता.

बरं, नाटकाकडे. लंडनच्या थिएटरात 1817 पासून गॅसचे दिवे आले होते, पण रंगमंचाच्या कडेला दिव्यांची रांग, उजेड सगळीकडे सारखा पसरलेला, नट जरा मागे सरकला की गायब. चुन्याच्या दिव्यापुढे भिंग लावलं की मात्र उजेडाचा झोत व्हायचा, आणि तो हव्या त्या एकाच माणसावर टाकता यायचा. कॉव्हेंट गार्डनला 1837 मध्ये तो वापरला गेला, पुढच्या 20-30 वर्षांत तो मोठ्या थिएटरांत रुळला. चांदणं, पहाटेचं ऊन, हिरोची एन्ट्री, सगळं त्यावर.

मला यात सगळ्यात भारी वाटतो तो दिवा चालवणारा माणूस. प्रत्येक दिव्याला एक माणूस लागायचाच, कारण ज्योतीने चुन्याला खड्डा पडायचा, म्हणून तुकडा सारखा हाताने फिरवत राहायचा, गॅस कमीजास्त करायचा आणि वर नटाच्या मागे झोतही फिरवायचा. चुना हवेतला ओलावा ओढून भुगा होतो म्हणून हवाबंद डब्यात ठेवायचा. गॅस भरलेला असायचा मोठ्या पिशव्यांत, त्यावर फळ्या आणि वजनं, म्हणजे दाब टिकतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन, शेजारी उघडी ज्योत, खच्चून भरलेलं थिएटर... विचार करा.

1881 मध्ये लंडनचं सॅव्हॉय थिएटर विजेच्या बल्बांनी उजळलं आणि हळूहळू चुना मागे पडला. पण हेन्री आयर्व्हिंगसारखा मोठा नट-मॅनेजर, त्याला विजेचा उजेड आवडलाच नाही, तो आपल्या लायसियम थिएटरात गॅस आणि लाइमलाइट धरूनच बसला. एव्हाना हा शब्द रंगमंच सोडून बाहेर पडला होता, आणि ज्याच्याकडे चार लोक बघतायत तो लाइमलाइटमध्ये असं लोक बोलायला लागले होते.

ड्रमंड स्वतः 1840 मध्येच गेला, त्याआधी आयर्लंडच्या सरकारात मोठ्या पदावर होता. त्याचं नाव दिव्यावरून पुसलं गेलं, चुन्याचं राहिलं. ब्रिटनमध्ये आजही नटाच्या मागे फिरणाऱ्या फॉलोस्पॉटला नाटकवाले 'लाइम' म्हणतात, आत बल्ब असो नाहीतर एलईडी.